कानसेनांनी बदललेला पंखा

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायला जातंय कोण! सगळे त्यांना कानसेन म्हणत. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. त्यांना कळायचे ते पंखे. कुणाच्या घरचा कॉम्प्युटर तापतोय, मध्येच बंद पडतोय, मुंगीच्या पावलांनी चालतोय, असा फोन आला की कानसेन एकच वाक्य बोलत, "फोन डब्याला लावा." डबा म्हणजे टेबलाखालचं ते कॅबिनेट, ज्याला बाकीचं जग सीपीयू म्हणतं. माणूस बिचारा ओणवा होऊन फोन डब्याला टेकवायचा आणि पलीकडून निदान यायचं, "पंख्याच्या पात्याला वायर घासतेय. डावीकडची." डावीकडची! लोक डबा उघडून बघत आणि कोपरापासून हात जोडत.

ही विद्या रेडिओच्या दिवसांतली. तीसेक वर्षांपूर्वी ते रेडिओ दुरुस्त करत आणि नुसत्या खरखरीवरून कुठला भाग गेलाय ते सांगत. पुढे रेडिओ गेले, टीव्ही आले, तेही दुरुस्तीपलीकडे पातळ झाले आणि घरोघरी कॉम्प्युटर आले. कानसेनांची हत्यारं बदलली, पिशवी बदलली, कान तेच राहिले.

त्यांच्यात खोड एकच होती. गिऱ्हाइकाला ते बोलूच देत नसत. "गिऱ्हाईक खोटं बोलतं, पंखा खोटं बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं. त्यात अगदीच तथ्य नव्हतं असंही नाही. "मी हातसुद्धा लावला नव्हता हो" असं शपथेवर सांगणाऱ्याच्या डब्यातून त्यांनी बिस्किटांचा चुरा, पेन्सिलीचं टोक आणि एकदा तर घरातल्या आजोबांची कवळी काढली होती. तेव्हापासून कुणी तोंड उघडलं की ते हात वर करत, "तुम्ही थांबा. आधी त्याला बोलू द्या."

आणि दोन वर्षांपूर्वी त्याचं बोलणं कमी कमी ऐकू येऊ लागलं.

सुरुवातीला कानसेनांनी दोष फोनला दिला. हल्लीचे फोनच भिकार, आवाज नीट पोचत नाही. मग पंख्यांना दिला, हल्लीचे पंखे मुळी बोलतच नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. गिऱ्हाईक काही सांगू लागलं की ते ओठांकडे बघून मान हलवत आणि मधूनमधून "हो, हो" म्हणत. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मुठीतल्या मुठीत घाम फुटलेला असायचा. परगावी राहणारा मुलगा दर आठवड्याला म्हणत होता, "बाबा, बास झालं आता, इकडे या." समोरच्या गच्चीत एक शेजारी होते, नोकरी संपल्यापासून सकाळ-संध्याकाळ खुर्ची टाकून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या मोजत. किती गेल्या हे ते विचारल्याशिवायही सांगत. एकदा का कानसेनांचे कान गेल्याचा बोभाटा झाला की पिशवी माळ्यावर जाणार आणि त्यांच्यासाठीही तशीच एक खुर्ची निघणार, याची कानसेनांना मनापासून भीती वाटत होती.

अशात वाचणाऱ्या ताईंचा कॉम्प्युटर बिघडला.

या ताई दोन गल्ल्या सोडून राहत. अंध मुलांच्या शाळेसाठी त्या धड्यांची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत, म्हणून हे नाव. पंधरा-वीस मिनिटं झाली की कॉम्प्युटर जड व्हायचा आणि मग धप्पकन बंद पडायचा, वाचलेलं सगळं घेऊन. कानसेन गेले, गुडघ्यावर बसले, डब्याला कान लावला. आत सामसूम. वीज बंद करून त्यांनी डबा उघडला, जाळीवरची धूळ झटकली आणि निकाल दिला, "पंखा गेला." ताई काहीतरी सांगत होत्या. कानसेन म्हणाले, "हो, हो." प्रोसेसरवरचा पंखा बदलला, तासभर चालवून बघितलं, कॉम्प्युटर शहाण्या मुलासारखा चालला.

तीन दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी त्यांनी वीज पुरवणारा खोका बदलला. पुन्हा ताई काहीतरी सांगत होत्या, पुन्हा हो हो, आणि पुन्हा त्यांच्यासमोर दोन तास सुरळीत. चार दिवसांनी तिसरा फोन आला. त्यातले कानसेनांना दोनच शब्द कळले, "परत" आणि "बंद". ताई चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान सगळं ऐकू आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी आवरताना ताईंचा तो काढलेला पंखा हाताला लागला. कानसेनांनी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि त्याच्या दोन तारा सहज बॅटरीला टेकवल्या. पाती दिसेनाशी झाली. म्हणजे फिरत होता, आणि चांगला फिरत होता. त्यांनी तो उचलून कानाशी धरला. काही नाही. दुसऱ्या कानाशी धरला. तिथेही तेच.

"अहो, ती भुणभुण बंद करा!" बायको आतून ओरडली. "फोनवर बोलतेय मी!"

कानसेनांनी तारा सोडल्या आणि ते खुर्चीत बसून राहिले. जगासमोर पितळ उघडं पडतं तेव्हा निदान कुणाशी तरी भांडता येतं. इथे ते त्यांच्या स्वतःसमोरच उघडं पडलं होतं. भुणभुण! चांगला ठणठणीत पंखा त्यांनी मेला म्हणून काढला होता. आजवर पंखा फिरतोय की नाही हे डोळ्यांनी बघायची त्यांना गरजच पडली नव्हती.

बायको बाहेर आली. नवऱ्याचा चेहरा बघून समोर बसली आणि सावकाश म्हणाली, "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"ऐकू न यायला."

"तुला कुणी सांगितलं?"

"अहो, एकेक गोष्ट मी दोन वर्षं तीनतीनदा सांगतेय, ती काय हौस म्हणून? कानाच्या डॉक्टरांचा नंबर कधीचा लिहून ठेवलाय. तुमच्यापुढे विषय काढायचा कुणी?"

कानसेन पंख्याचं पातं बोटाने फिरवत राहिले. मग म्हणाले, "ताईंना काय सांगू? कान गेलेत, दुसरा माणूस बघा?"

"पंखा चांगला होता, एवढं खरं सांगा. बाकीचं बघू. फार तर काय होईल?"

फार तर काय होईल ते समोरच्या गच्चीत बसलेलं होतं. तरी कानसेन उठले.

ताईंची खोली नेहमीसारखी लख्ख आवरलेली होती. टेबल पुसलेलं, पुस्तकांची चळत सरळ, डबा आपल्या जागी चकचकीत. कानसेनांनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. उभ्याउभ्याच पंखा पुढे केला.

"ताई, हा तुमचा पंखा. चांगला आहे. मीच चुकलो. मला... मला कमी ऐकू येतं."

ताईंनी खुर्ची ओढली, त्यांना बसवलं, दुसरी खुर्ची अगदी समोर घेतली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, काका. मागच्या खेपेला मी विचारलं, चहा घेणार की सरबत? तुम्ही म्हणालात, हो, हो."

कानसेनांना हसू आलं. लाजही वाटली, पण हसू आधी आलं. आणि एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली, की ताईंचा शब्द न् शब्द कळतोय. वाचायचाच धंदा त्यांचा. कधी नव्हे ते कानसेन म्हणाले, "आता सांगा. पहिल्यापासून सगळं सांगा."

"मी दोन्ही वेळा हेच सांगत होते. एरवी हा बंद पडत नाही. पत्रं लिहिते, फोटो बघते, काही होत नाही. मी वाचायला बसले की मगच. आधी हळू होतो, मग जातो. अकरा धडे राहिलेत, काका, आणि शाळा सुरू व्हायला दहा दिवस आहेत."

"वाचताना नेमकं काय करता?"

"वाचते, दुसरं काय करणार?"

कानसेनांनी जरा विचार केला. "असं करा. मी इथे नाहीच असं समजा आणि रोज बसता तशा वाचायला बसा."

"अहो, पसारा होईल..."

"होऊ द्या."

ताई संकोचत उठल्या. खिडक्या लावल्या, पडदे ओढले. छताचा पंखा बंद केला. कपाट उघडून दोन उशा काढल्या आणि टेबलावर भिंतीच्या बाजूला उभ्या केल्या. मग कपाटाच्या तळातून एक जाडजूड रजई ओढून काढली, डब्यावर घातली आणि तिची टोकं तीनही बाजूंनी नीट आत खोचली, तापाने फणफणलेल्या लेकराला गुंडाळावं तशी.

कानसेनांनी आ वासला तो मिटायलाच विसरले.

"हे रोज?"

"रोज. त्या पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते ना. मुलांकडे ऐकण्याशिवाय दुसरं काही नाही, त्यात ती घरघर कशाला?"

"आणि मी दोनदा आलो तेव्हा रजई कुठे होती?"

"कपाटात! घरी माणूस येणार, रजई काय जमिनीवर लोळत ठेवू?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! कानसेन इतके हसले की डोळ्यांना पाणी आलं. ताई आधी गोंधळल्या, मग रजईकडे बघितलं, मग तोंडावर हात ठेवला. "म्हणजे मीच त्याचा श्वास कोंडत होते?"

"अर्धा तुम्ही, अर्धा मी," कानसेन म्हणाले. "तुम्ही सांगत होता आणि मी ऐकत नव्हतो." ही कानांची गोष्ट नव्हती, हे बोलताबोलताच त्यांना कळलं. कान चांगले होते तेव्हा तरी त्यांनी कुणाचं कुठे ऐकलं होतं! उभी हयात त्यांनी माणसांना गप्प बसवलं होतं, आणि या गोष्टीची त्यांना खरोखर शरम वाटली.

तरी खात्री करायला हवी होती. ताई वाचू लागल्या. कानसेन रजईखाली हात घालून मागच्या जाळीवर तळवा ठेवून बसले. पाच मिनिटांत हवा कोमट, दहाव्या मिनिटाला गरम, पंधराव्याला तळवा धरवेना. पडद्यावरची आवाजाची रेघ अडखळू लागली. फार तापला की प्रोसेसर आधी आपला वेग उतरवतो, म्हणून सगळं हळू होतं, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर जळून जाण्यापेक्षा बंद पडतो. एकविसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला, आणि कॉम्प्युटर बंद पडल्याचा आनंद कानसेनांना जन्मात पहिल्यांदा झाला.

मग हात चालू लागले. आठ दिवसांपूर्वी झटकलेल्या जाळीवर पुन्हा पांढरा थर होता. पहिल्या खेपेला तो त्यांना धूळ वाटला होता, तो रजईचा कापूस होता. गॅलरीत नेऊन त्यांनी तो ब्रशने आणि छोट्या ब्लोअरने काढला. प्रोसेसरची उष्णता वर नेणारी पेस्ट सुकून चुन्यासारखी झाली होती, ती पुसून डाळीच्या दाण्याएवढी नवी लावली. ताईंचा जुना पंखा पुन्हा जागेवर बसवला. कॉम्प्युटर सुरू होताच विनाकारण जागे होणारे चार प्रोग्राम बंद केले. घरी जाऊन लांब वायरी आणल्या, डबा खोलीबाहेर, घरातल्याच बोळात मोकळ्या हवेत ठेवला, वायरी दाराखालून आत घेतल्या आणि रजई दाराला आतून टांगली.

"आता हवी तेवढी गुंडाळा," ते म्हणाले, "पण दाराला."

ताईंनी दार लावून घेतलं. कानसेन बोळात डब्याशेजारी बसले, तळवा जाळीवर ठेवून. वीस मिनिटं झाली, हवा कोमट. पाऊण तास झाला, हवा कोमटच. आत कुठला धडा चाललाय ते त्यांना ऐकू येत नव्हतं, पण तळव्याला सगळं कळत होतं. पूर्ण धडा संपवून ताई दार उघडून बाहेर आल्या, तेव्हा त्यांना बोलायचीच गरज नव्हती.

"या, ऐका," असं खुणेनेच सांगून त्यांनी कानसेनांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज वाढवला. ताईंचा स्वच्छ आवाज आला, मागे काहीसुद्धा नाही. "आणि आता हा जुना धडा ऐका," त्या समोर येऊन म्हणाल्या, "रजई सुचायच्या आधीचा. टाकूनच द्यायचाय, इतकी घरघर आहे."

ताईंचा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि त्याच्या मागे पंखा होता. सलग, एका लयीत, मधूनच किंचित जड होणारा. दोन वर्षांनी कानसेन पंखा ऐकत होते, आणि तोही तोच, त्यांनी मेला म्हणून काढलेला. त्यांनी डोळे मिटले.

"एक पातं जरा जड आहे," ते म्हणाले.

"डावीकडचं?" ताईंनी विचारलं. कीर्ती त्यांच्याही कानांवर गेलेली होती.

"हे टाकू नका. परत लावा."

ताईंनी परत लावलं. मग अजून एकदा लावलं. कानसेनांनी हेडफोन काढले, हातात उलटसुलट करून बघितले आणि खिशातून फोन काढून घरी लावला.

"अगं, तो कानाच्या डॉक्टरांचा नंबर म्हणत होतीस ना..."

पलीकडून बायको बरंच काही बोलली. त्यांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. "हो, हो" अगदी ओठांवर आलं होतं.

"ऐकू आलं नाही गं," कानसेन म्हणाले. "परत सांग."