अडतीस माणसांचं जहाज

आमच्या हिला ऑफिसात सगळे ‘बंकवाल्या बाई’ म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण तिला माहीत आहे. युद्धनौका आखायच्या त्या ऑफिसात प्रत्येकाची ओळख अशीच: तोफवाले, रडारवाले, इंजिनवाले. जो तो आपापल्या वस्तूचा वकील. हिच्या वाट्याला माणसं आली. जहाजावर माणसं झोपणार कुठे, जेवणार कुठे, अंघोळ कुठे करणार, ओले बूट कुठे ठेवणार, हे हिनं आखायचं. तोफेला मान असतो, रडारला मान असतो. ओल्या बुटांना कोण विचारतो?

मी बस डेपोत ड्रायव्हरांच्या पाळ्या लावतो. जहाजातलं मला जे काही कळतं ते सगळं हिच्या चिडचिडीतून कळलेलं. संध्याकाळी तिच्या चपला दाराशी कशा पडतात त्यावरून मी दिवसाचा अंदाज बांधायचो.

“आज काय गेलं?” मी विचारायचो.

“दोन कपाटं आणि एक बाथरूम.”

“कुणी खाल्लं?”

“तोफेनं. दुसरं कोण खाणार?”

ज्या जहाजाबद्दल मी सांगतोय ते लहान होतं. मोठ्या जहाजात एखादी चूक कुठेतरी मुरून जाते. लहान जहाजात एकानं पाय लांब केले की दुसऱ्याचं डोकं भिंतीवर आपटतं. सुरुवातीला ठरलं होतं की चोपन्न माणसं असतील आणि तीन पाळ्यांत काम चालेल. हिनं चोपन्न बंक बसवले, म्हणजे भिंतीला एकावर एक लावलेल्या झोपायच्या फळ्या. प्रत्येकाला डोक्याशी एक दिवा आणि एक खण दिला. त्या खणांवर ती फार खूश होती. घरी येऊन मला हातानं माप करून दाखवलं होतं.

मग जहाजात काय असावं ते ठरवणाऱ्या समितीला मोठी तोफ हवी झाली. मोठ्या तोफेचे गोळे मोठे, म्हणून दारूगोळ्याची खोली मोठी, आणि ती खोली तोफेच्या बरोबर खाली लागते. तिथेच खलाशी झोपायचे होते. आठ बंक गेले. त्यानंतर रडार बदललं. जुनं रडार गरगर फिरायचं. नव्याच्या चार सपाट पाट्या चारी दिशांना एकदम बघणार होत्या. हे रडार तापतं, म्हणून त्याला गार ठेवायचं यंत्र आलं. यंत्राला खोली लागली. खोलीपर्यंत जायला वाट लागली. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी! आणखी आठ बंक गेले.

गंमत अशी की बंक कमी पडले असं कुणीच म्हणालं नाही. माणसं जास्त झाली होती, असं म्हणाले.

“यंत्रं करतील की,” तिचे मुख्य साहेब तिला म्हणाले. “तीन पाळ्या लागतातच कशाला? दोनांत भागेल. अडतीस माणसं पुष्कळ झाली.”

“आणि साहेब, आग लागली तर पाण्याचा पाइप कोण धरणार?”

“आपोआप चालणारे फवारे दिलेत ना.”

“ते बंद पडले तर?”

“बाई, तुम्ही फार पुढचा विचार करता.”

हे सांगताना हिनं हातातली बशी ओट्यावर इतक्या जोरात ठेवली की तिची कड उडाली. “युद्धनौका बांधतायत, आणि मी पुढचा विचार करते म्हणून मला नावं ठेवतायत!”

शेवटी अडतीस बंकांच्या नकाशावर तिनं सही केली. तिनं नसती केली तर नकाशा शेजारच्या टेबलावर गेला असता, आणि शेजारच्यानं डोक्याशी असलेले ते खणही काढून टाकले असते. खण वाचवायचे म्हणून सही, असं ती स्वतःला समजावत राहिली. मला कळत होतं की ते तिला पटत नाहीये.

आता माझ्या धाकट्या भावाबद्दल सांगायला हवं. तो नौदलात, रडारच्या पडद्यासमोर बसणारा. बोलका, हसरा, घरात आला की स्वयंपाकघरातच मुक्काम. त्या नकाशावरून बांधायच्या जहाजांपैकी पहिलं पाण्यात उतरलं आणि नेमकी त्याची बदली त्यावर झाली. हिला वाटलं, आता आपल्या बाजूनं बोलणारा घरचाच माणूस मिळाला. जहाजावर चढायच्या आधी तो सुट्टीला आला होता. जेवताना हिनं विषय काढला.

“भाऊजी, तुम्हीच सांगा. तुम्हाला धड झोप हवी की ते रडार?”

घास गिळून तो पाणी प्यायला. “वहिनी, खरं सांगू? रडार.”

“काय?”

“अगं, पाण्याला लागून उडत येणारं मिसाइल जुन्या रडारला दिसतं ना, तोपर्यंत ते दारात येऊन उभं असतं. नव्याला लांबून दिसतं. मला आधी दिसू दे. झोपेचं काय, मेल्यावर झोपायचंच आहे.”

“घरभेदी!” ती म्हणाली. आम्ही दोघं हसलो, पण ती हसली नाही. दिवसभर ती माझ्याशीही बोलली नाही, जणू मीच त्याला पढवून ठेवला होता.

पहिले काही महिने त्याचे फोन उत्साहाचे होते. रडारवर पाण्यावरचा रिकामा डबासुद्धा दिसतो, हे त्यानं मला तीनदा सांगितलं असेल. मग फोन कमी झाले. सुट्टीवर आला तेव्हा तो जिथे टेकेल तिथे झोपायचा. न्हाव्याच्या खुर्चीत झोपला, दवाखान्याच्या बाकावर झोपला, ही त्याला काही सांगत असताना मान हलवता हलवता झोपला.

“अहो, हे काय चाललंय तुमचं?” हिनं विचारलं.

“सहा तास काम, सहा तास आराम. कागदावर,” तो म्हणाला. “पाळी संपली की दोर ओढायला चल. मग डेक धू. मग आगीचा सराव. आमचा स्वयंपाकी दारूगोळा पण उचलतो आणि जखमा पण बांधतो. माणसंच नाहीत ना वहिनी! तुझा बंक फार चांगला आहे. मी पाहिलाय तो.”

हिला हसू आलं, आणि मग ती उठून बाल्कनीत जाऊन उभी राहिली. आमच्या डेपोत ड्रायव्हरला ठरल्यापेक्षा जास्त वेळ स्टिअरिंग दिलं तर माझ्यावर कारवाई होते, हे मी म्हणालो. तिनं वळून माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

अपघात झाला तो दुपार कलल्यावर, लख्ख उन्हात. सरावावरून जहाज परतत होतं. इंजिनाच्या खोलीत कुठेतरी गळती लागली, म्हणून पडद्यावर भावाच्या जागी बसायला येणारा माणूस तिकडे बोलावला गेला. भाऊ आपली पाळी संपवून दुसरी पाळीही तिथेच बसला. नवं रडार इतकं तिखट की प्रत्येक ओंडक्याला, पक्ष्यांच्या प्रत्येक थव्याला भोंगा वाजवायचं. माणसं वैतागली, तेव्हा वरिष्ठांनीच लहान वस्तूंचा भोंगा बंद करायला परवानगी दिली होती. पुलावर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, समोर नजर ठेवायला एकच माणूस होता, आणि समोरून ऊन त्याच्या डोळ्यांत येत होतं.

मासेमारीची एक होडी वाटेत होती. ती पडद्यावर आली होती. स्पष्ट.

“दादा, ठिपका मला दिसत होता,” भाऊ मला नंतर म्हणाला. “मी जागा होतो, माझी शपथ. डोळे उघडे होते. दिसत होता, पण कळत नव्हता.”

जहाजाची कड होडीला घासली आणि होडी उलटली. दोन कोळी पाण्यात पडले. जहाजावरच्यांनीच दोघांना बाहेर काढलं. एकाचा हात मोडला. जीव वाचले, एवढं नशीब.

चौकशी बसली. हिला वाटलं, आता तरी कुणी विचारेल की अडतीस माणसं कुणी ठरवली, दोन पाळ्या कुणी ठरवल्या. ती मुख्य साहेबांकडे गेली. “माझं म्हणणं चौकशीपुढे मांडा,” म्हणाली.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बसवलं, चहा मागवला. “बाई, चौकशी अपघाताची आहे. जहाजाची नाही.”

तरी ती गेली. सुट्टी टाकून गेली. बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात आम्ही दोघं ताटकळत बसलो. खूप वेळानं तिला आत बोलावलं, आणि माझी पाण्याची बाटली संपायच्या आत ती बाहेरही आली.

“काय विचारलं?”

“राहण्याच्या जागेचा नकाशा मंजूर झालेला होता का. म्हटलं, हो. बंक ठरलेल्या माणसांना पुरेसे होते का. म्हटलं, अडतीस माणसांना अडतीस, पुरेसेच. खाली सही कुणाची, म्हणाले. म्हटलं, माझी.”

“आणि बाकीचं? पाळ्या, माणसं?”

“त्यांनी विचारलंच नाही. मी बोलायला लागले तर म्हणाले, धन्यवाद, या आता.”

घरी परतताना ती बसमध्ये खिडकीच्या दांडीला घट्ट धरून बसली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत.

निकाल लागला: माणसाची चूक. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोर तरी कोण होता? तोफ मागणाऱ्याला तोफ हवी होती, कारण समोरच्याकडे मोठी तोफ होती. रडार हवंच होतं. माझा भाऊच तसं म्हणाला होता. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर, आणि सगळ्यांचं मिळून व्हायचं ते झालेलं. भावाची बढती थांबली. त्याला जहाजावरून काढून किनाऱ्यावरच्या प्रशिक्षण शाळेत टाकलं.

यानंतर जे झालं त्यानं मात्र हिचं डोकंच फिरलं. पुढच्या जहाजांसाठी नवी सूचना आली. रडारवर बसलेला माणूस डुलकी घेतोय का, हे ओळखणारा कॅमेरा बसवायचा. कॅमेऱ्याला लागणाऱ्या यंत्रांचं एक कपाट येणार होतं. ते कुठे बसवायचं, तर दोन बंक काढून.

“माणूस झोपतो का हे बघायला,” ती स्वयंपाकघरात उभी राहून अक्षरशः ओरडली, “माणसाची झोपायची जागा काढतायत! अहो, ऐकताय का तुम्ही?”

मी ऐकत होतो. शेजारचेही ऐकत होते.

दरम्यान जी जहाजं पाण्यात होती त्यांतल्या प्रत्येकावर गुपचूप नऊ माणसं वाढवली गेली होती. तात्पुरती, असं म्हणून. ती जेवणाच्या बाकांवर आणि वाटेत गाद्या टाकून झोपत होती. म्हणजे माणसं लागतात हे मान्य होतं, फक्त नकाशात मान्य नव्हतं. चौथ्या जहाजाच्या बैठकीत हिनं त्या नऊ जणांचे बंक मागितले आणि कपाटाला नकार दिला. समितीनं कपाळाला आठ्या घातल्या. मग तिनं मला न सांगता माझ्या भावाला फोन केला. समितीपुढे जहाजावर राहिलेल्या एखाद्या माणसाला बोलावता येतं, असा नियम होता. ज्याच्यावर ठपका बसलाय तो येणार नाही असंच सगळ्यांना वाटलं होतं. तो आला.

तिथे काय झालं ते हिनं मला सांगितलं.

“बैठकीत त्यांना विचारलं, म्हणजे रडार काढायचं का? भाऊजी म्हणाले, नाही साहेब, रडारला हात लावू नका. मग काय काढायचं? म्हणाले, मिसाइलची आठ खोकी आहेत, त्यातली दोन काढा. एक जण हसायला लागला. तर भाऊजी शांतपणे म्हणाले, सहा मिसाइल सोडायला जागा माणूस लागतो साहेब, आठ सोडायला पण जागाच लागतो.”

“मग?”

“मग काय, मिसाइल नाही काढली. ती कोण काढू देतंय!” ती चपला काढायच्या विसरून तशीच खुर्चीवर बसली होती. “खूप घासाघीस केली. सुट्या भागांची एक खोली किनाऱ्यावर हलवली. ते कपाट वाटेत, छताला टांगून बसवायचं ठरलं. चार बंक मिळाले.”

“मागितले नऊ.”

“माहितीय मला किती मागितले ते!”

भाऊ त्या रात्री आमच्याकडेच जेवायला होता. जेवताना तो म्हणाला, “वहिनी, चार माणसं झोपतील ना.”

“आणि पाच?” तिनं विचारलं. त्यानं पान स्वच्छ केलं आणि उठून स्वतःची थाळी धुतली. त्याची बढती अजून अडकलेलीच आहे. शाळेत मात्र तो बरा रमलाय, आणि त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली आहेत.

ही अजून त्याच टेबलावर आहे. मी एकदा म्हणालो, सोड ते, शाळा-दवाखाने आखणारी ऑफिसं काय कमी आहेत? तर म्हणाली, मी उठले की ते चार पण जातील.

गेल्या आठवड्यात ड्रोनवाले आले. ऑफिसात नवीच जमात. त्यांना जहाजाच्या मागच्या बाजूची खोली हवीये, उडती यंत्रं ठेवायला. त्यांच्यात माणूस बसत नाही, म्हणून जागेचा प्रश्नच नाही, असं त्यांनी हिला समजावलं.

“ते उडवणार कोण?” हिनं विचारलं. “ते आले की उतरवून घेणार कोण? दुरुस्त करणारे? ते झोपणार कुठे?”

ड्रोनवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. विचारून सांगतो, म्हणाले. अजून सांगितलेलं नाही.