घाट चढायचा नाही

डाव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटला, म्हणून गोव्यात ऑपरेशन झालं. पडदा जागेवर बसावा यासाठी डॉक्टरांनी डोळ्यात वायू भरला आणि बजावलं, पालथं पडून राहा, आणि वायू जिरेपर्यंत घाट चढू नका. उंचीवर तो फुगतो, डोळा कायमचा जाईल. नवऱ्याने हे माझ्या शेजारी बसून ऐकलं होतं.

तरी घरी येऊन आठवडा झाला नाही तोच दीर उगवले. वहिनीचा डोळा वाचला तर तिला घेऊन कोल्हापूरच्या देवीची ओटी भरायला येईन, असा नवस ते बोलून बसले होते. फोंडाघाटातून जायला गाडीही ठरवली होती. डोळा माझा, नवस दिरांचा, आणि मला विचारलं कोणी?

पालथ्या माणसाशी कोणी बोलत नाही, त्याच्या पाठीवरून बोलतात. मला दिसत होते फक्त सगळ्यांचे पाय. घाटाचं सांगितलं तर दीर हसले. "वयनीच्या डोळ्यात काय सायकलची ट्यूब घातल्यानी? घाटार फुगाक?"

"मी येवचंय नाय!" मी उशीतूनच ओरडले.

"देवीक नाय म्हणतंस गो?" सासूबाई म्हणाल्या.

"सावकास नेताव गो," इति नवरा.

सावकाश! वायू काय गाडीचा वेग बघून फुगतो? डॉक्टरांसमोर मान डोलावणारा हाच माणूस! संताप असा आला, पण ताज्या टाक्यांवर रडायचीही चोरी. मी खाटेची कड धरून ठेवली. शेवटी माझ्याविनाच गेले, नवऱ्यासकट.

परतले ते दीर कानात बोट घालूनच. "घाटार कानाक दडे बसले, अजून सुटूक नाय."

"तुमच्या कानात हवा दाटता, भावजी, आणि माझ्या डोळ्यात फुगाची नाय?"

सासूबाईंनी प्रसाद उशाशी ठेवला.

वायू जिरला, पडदा बसला. त्या डोळ्याने सुईत दोरा ओवता येत नाही, पण माणसं ओळखू येतात. आल्यागेल्याला दीर सांगतात, "देवीन डोळो राखल्यान." देवीवर माझा राग नाही, तिला मीही हात जोडते. पण त्या दिवशी मी मुकाट गाडीत बसले असते आणि डोळा गेला असता, तर याच तोंडाने म्हणाले असते, "वयनीच्या नशिबातच नाय होतो."