आमच्या ह्यांनी निवडलेलं डायव्हिंगचं दुकान

आमचे हे सिलिंडर तपासतात. सव्वीस वर्षं झाली, दुसरं काही केलेलं नाही. आग विझवायचे लाल, दवाखान्यातले ऑक्सिजनचे, वेल्डिंगवाल्यांचे, सगळे ह्यांच्या शेडमध्ये येतात. आत पाणी भरायचं, दाब चढवायचा, काटा बघायचा. टिकला तर गळ्यापाशी तारीख ठोकायची, नाही टिकला तर आरपार भोक पाडून भंगारात. मधलं काही नाही. ह्यांच्या हातून नापास सिलिंडर कधी पास होऊन बाहेर गेलेला नाही, आणि त्यापायी दोन साहेब आणि एक सख्खा चुलतभाऊ आमच्याशी बोलत नाहीत. चुलतभावाचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. असो.

अशा माणसाला घेऊन मी समुद्रात उतरायचं स्वप्न बघितलं, चूक माझीच.

मला लहानपणापासून दमा. शेहेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी पोहायला लावलं, म्हणाले श्वास सुधारेल. सुधारला. इतका सुधारला की मी तलावाच्या तळाशी जाऊन बसायला लागले. वर आरडाओरडा, शिट्ट्या, आणि खाली काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. घरात, ऑफिसात मला असं कधी कोणी बसू दिलेलं नव्हतं. पण तिथे मोजून अर्धं मिनिट, की आलं वर. तेव्हापासून डोक्यात एकच खूळ बसलं, खाली बसून श्वास घेता आला पाहिजे. चार वर्षं हेच. दम्याचा पंप कपाटात पडून होता, मी त्याला हातही लावलेला नव्हता.

पन्नाशीला लेकीनं आम्हाला एका बेटाची तिकिटं काढून दिली. राहणं-खाणं तिच्याकडून, डायव्हिंग आमच्या खिशातून. खिसा बेताचा, म्हणजे दुकान स्वस्तातलं शोधणं आलं. लेकीच्या मैत्रिणीनं मला आधीच सावध करून ठेवलं होतं. म्हणाली, काकू, फालतू दुकानं काही विचारत नाहीत. चांगली दुकानं तब्येतीचा फॉर्म भरून घेतात, त्यात दम्याचा प्रश्न असतो, आणि 'हो' लिहिलं की डॉक्टरांचं पत्र मागतात. मी आमच्या डॉक्टरांकडे गेले, तर ते म्हणाले असलं पत्र मी देत नाही, छातीच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांची वेळ मिळाली ती सहल संपल्यानंतरची.

म्हणजे बघा. ज्या दुकानाला हे पास करणार, ते दुकान मला नापास करणार. आणि जे मला डोळे झाकून घेणार, त्याला हे दारातूनच हाकलणार. मी मनाशी ठरवून टाकलं, फॉर्मवर 'नाही' लिहायचं. ह्यांना काही सांगितलं नाही. विषयच निघाला नव्हता. म्हणजे मी काढला नव्हता.

घरून दोन महिने फोन चालले. संध्याकाळी शेडमधून आले, हातपाय धुतले, की वही आणि फोन घेऊन पलंगावर. प्रत्येकाला एकच प्रश्न, "तुमच्या सिलिंडरची दाबाची चाचणी शेवटची कधी झाली?" एक म्हणाला, काका, एकदम नवे आहेत. हे म्हणाले, "नवे म्हणजे कोणत्या सालचे?" त्यानं फोनच ठेवला. दुसऱ्यानं उत्तरादाखल कासवाचा फोटो पाठवला. ह्यांनी तो मला दाखवला. "मी तारीख मागितली, ह्यानं कासव पाठवलं." मला ते कासव फार आवडलं होतं, पण बोलायची सोय होती का?

अकरा दुकानं अशी घरबसल्या बाद झाली. उरलेली तिथे जाऊन बघू म्हणाले. तीन दिवसांची सहल, त्यातले दोन दिवस आम्ही समुद्राकडे पाठ करून दुकानांच्या मागच्या बाजूला काढले. लोक पुढून आत जातात, हे मागून. सिलिंडरमध्ये हवा भरायचं यंत्र मागे असतं ना. एका ठिकाणी त्या यंत्राची हवा ओढायची नळी जनरेटरच्या धुराड्याला लागूनच होती. हे तिथे कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि दुकानदाराला म्हणाले, "अहो, तुम्ही लोकांना धूर पाजताय." तो म्हणाला, आजपर्यंत कोणाची तक्रार नाही. "कशी येईल?" हे म्हणाले. पुढे गिऱ्हाइकं उभी होती, त्यातली दोघं निघून गेली. आम्हाला त्यानं काय काय ऐकवलं ते मी इथे सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी एक पोरगेला दुकानदार भेटला. गोड बोलणारा, दर सगळ्यांत कमी, वर फोटो फुकट. वहीत नाव लिहा, सही करा, चला. फॉर्म नाही, प्रश्न नाही. माझा जीव सुपाएवढा झाला. तोवर हे मागून आले, हाताला गंज लागलेला. "चल," एवढंच म्हणाले. मी तिथल्या तिथे भांडले. म्हटलं, तुम्हाला मला पाण्यात जाऊच द्यायचं नाहीये, सरळ सांगा ना. दोन महिने खुसपटं काढताय. जगातले सगळे लोक जातात आणि जिवंत परत येतात. तर म्हणतात कसे, "सगळ्यांशी माझं लग्न झालेलं नाही." रात्रभर मी त्यांच्याशी अबोला धरला.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या, होड्या दुरुस्त करायच्या आवारामागे एक दुकान सापडलं. पत्र्याची शेड, रंग उडालेली पाटी, दर त्या गोडबोल्यापेक्षा किंचित जास्त. मालकीण ठेंगणी, केस कापलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. हे मागे जायला निघाले तर तीच म्हणाली, "या, दाखवते." एकेक सिलिंडर फिरवून तिनं गळ्यापाशीची तारीख दाखवली. हवेच्या तपासणीचे कागद काढले. नापास झालेले दोन सिलिंडर कोपऱ्यात होते, आरपार भोक पाडलेले. ते बघून ह्यांचा चेहरा असा काही खुलला, की आमच्या लग्नात तरी मी तो तसा बघितला नव्हता. तासभर दोघं बोलत होते. कुठला काटा चुकीचं दाखवतो, कोण तपासायच्या आधीच शिक्का मारतो. मी बाकावर बसून फॉर्म कधी निघतो याची वाट बघत होते.

मग तिनं फॉर्म दिले. दोन पानं, खाली सही. दम्याचा प्रश्न पहिल्याच पानावर. मी 'नाही'वर खूण केली, भराभर बाकीच्या केल्या, सही केली. ह्यांनी आपला भरला, आणि सवयीनं माझा ओढून घेतला. कोणताही भरलेला कागद समोर आला की हे तो वाचतात, लग्नपत्रिकासुद्धा सोडत नाहीत. बोट एकेका ओळीवरून खाली सरकत होतं. मधे एका जागी थांबलं. मी भिंतीकडे बघत बसले.

मालकिणीनं हात पुढे केला. "झालं? एरवी मी गिऱ्हाइकाला समोर बसवून एकेक प्रश्न तोंडी विचारते. पण तुमच्यासारख्या माणसाच्या नजरेखालून गेलाय म्हणजे बघायलाच नको. सगळं बरोबर आहे ना?"

 माझ्याकडे ह्यांनी एकदाही बघितलं नाही.

"हो," म्हणाले. "बरोबर आहे."

आता मला आनंद व्हायला हवा होता. दोन महिने मी जे देवाकडे मागत होते, ते झालं होतं. पण मला त्या माणसाचा इतका राग आला, इतका राग आला, की कानशिलं तापली. साहेबाला नाही म्हटलं, चुलतभावाला नाही म्हटलं, आणि इथे, जिनं आत्ता तासभर ह्यांच्या बरोबरीनं खऱ्याची बाजू घेतली, तिला तोंडावर खोटं सांगितलं. कागद अजून त्यांच्याच हातात होता, ती ओढत होती आणि ह्यांची बोटं सुटत नव्हती.

मी उठले, कागद काढून घेतला आणि 'नाही' खोडून 'हो' केलं. म्हटलं, "बाई, मला दमा आहे. चार वर्षांत त्रास नाही, पण आहे."

मालकिणीनं चष्मा लावला, वाचलं, मग ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान खाली घातली. ती वाईट काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, की पत्राशिवाय मी नेऊ शकत नाही, आणि बेटावरचे डॉक्टर परवा येतात. आमचं विमान उद्या सकाळचं. ह्यांना एकट्याला नेते म्हणाली, तर हे नको म्हणाले.

परतताना वाटेत त्या गोडबोल्याचं दुकान लागलं. बाहेर होडी सुटायच्या तयारीत होती, दोन जागा रिकाम्या. त्यानं हात केला. हे थांबले. मला म्हणाले, "जायचं असेल तर जा. मी काही बोलणार नाही."

"आता मला नाही जायचं," मी म्हटलं, आणि रस्त्यातच रडू फुटलं.

"मी हो म्हटलं होतं," हे म्हणाले.

"ऐकलं मी. कशाला म्हटलंत?"

"चार वर्षं तू दुसरं काही मागितलंस का?"

परत आल्यावर लेकीनं विचारलं, कसा होता समुद्र. म्हटलं, तुझ्या बाबांना विचार. छातीच्या डॉक्टरांकडे त्या वेळेला मी जाऊन आले, तपासण्या चालू आहेत, पत्र मिळेल की नाही ते अजून ठरायचंय. सगळे म्हणतात, राग सोड. कसा सोडू? त्या दिवशी ह्यांनी मला अडवलं असतं, तर निदान जन्मभर ह्यांना बोल लावायची सोय झाली असती. एक 'हो' म्हणून माणसानं माझी तीही सोय ठेवली नाही.