गुडघे दुखत नव्हते

तुमच्या आईच्या ऑपरेशनला मी आले नाही, कारण माझे गुडघे धरले होते, असं मी तुम्हाला सांगितलं. ते खोटं होतं. तुम्ही दोघं दहा दिवस शेजाऱ्यांकडे जेवलात, तेव्हा खरं काय ते तुम्हाला कळायला हवं.

आदल्या वर्षी आमच्या गावच्या फ्रीगंज भागातल्या एका इमारतीच्या लिफ्टमध्ये मी तासभर अडकले होते. तेव्हापासून दार बंद झालं की छाती धडधडायची. तुमच्याकडे यायचं तर विमानानेच, आणि त्याचा विचारही नको व्हायचा. ऑपरेशनला दोन महिने होते, म्हणून टावर चौकाजवळच्या एका समुपदेशक बाईंकडे मी जाऊ लागले. त्या बोटाला चिमटा लावायच्या, की समोरच्या पडद्यावर हृदयाचे ठोके दिसायचे. मनात लिफ्ट आणायची, आकडा चढू द्यायचा आणि लांब श्वास सोडत आपणच तो खाली आणायचा. असं करता करता भीती आवरायला शिकायचं.

माझा आकडा एकशेदहाच्या वर जायचा आणि तिथेच बसायचा. मी जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवलं, त्यांचे पेपर तपासले. स्वतः नापास होणं मला सोसेना. तुमच्या आजोबांच्या ब्लडप्रेशरच्या गोळीने नाडी मंदावते, हे मी पाकिटातल्या कागदावर वाचलं होतं. चौथ्या खेपेपासून मी ती आधी गिळून जाऊ लागले.

"वाह आंटीजी, अडसठ," बाई म्हणाल्या. "आपको तो अब मेरी ज़रूरत ही नहीं."

मी हसून मान डोलावली.

इकडे आजोबांच्या गोळ्या वेळेआधी संपू लागल्या. "अगं, मी बहुतेक दोनदा घेतो. डोकं चाललं माझं," ते म्हणायचे. मी म्हणायचे, "वय झालं, होतं असं."

इंदूरच्या विमानतळावर ते मला सोडायला आले. गोळी घेतलेली होती. आत जायच्या दारापाशी मी घरून आणलेला, नाडी दाखवणारा ऑक्सिमीटर बोटाला लावला. अडुसष्ट. पण पाय उचलेना.

"चल ना, मागे लोक खोळंबलेत."

"अहो, नाही जमत."

त्यांनी बॅग गाडीत ठेवली. परतताना वाटेत देवास लागलं. मग त्यांनी विचारलं, "पोरांना काय सांगायचं?" मी म्हटलं, "गुडघे."

गेल्या महिन्यात बाईंना जाऊन मी सगळं सांगितलं. दुसऱ्याची गोळी अशी घेणं जिवावर बेतू शकतं, म्हणून त्या रागावल्या. मग चिमटा लावला. एकशेचौदा.

"मुझे हर बार असली नंबर ही देखना था," त्या म्हणाल्या. "और घर जाकर अंकलजी को बताइए. आज ही."

सांगितलं. आजोबा मटार सोलत होते.

"म्हणजे मी विसरत नव्हतो?"

"नाही."

"सहा महिने मी डॉक्टरांना माझ्या विसराळूपणाचं सांगतोय."

"मला माहीत होतं."

त्यांनी उरलेले मटार सोलले आणि टोपलं माझ्यासमोर ठेवलं. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

परवा, गोळीशिवाय, आकडा एकशेसहावर आला. घरी येऊन मी आजोबांना तो सांगितला नाही. त्यांनीही विचारलं नाही.