गारठलेली टाकी

गॅसच्या टाक्या पोचवणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘काटा’ म्हणत. तीस वर्षं टाक्या वाहून त्याचा खांदाच वजनकाटा झाला होता. टाकी उचलली की आत किती गॅस आहे ते तो अचूक सांगे. एजन्सीचा खरा काटा पंधरा दिवस दुरुस्तीला गेला होता, पण त्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं.

अडलं ते थंडीतल्या एका सकाळी. कारखान्याच्या कँटीनमधून तक्रार आली : काट्याने टाकी अर्धीच भरलेली दिली, दोन दिवसांत संपली. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. तक्रार खरी ठरली, तर नोकरी आजच गेली. त्याच्या खांद्याची साक्ष काढावी, तर आरोपीच्या खांद्याला कोण विचारतो?

तो धावत कँटीनमध्ये पोचला. मोठ्या भट्टीची ज्योत काजव्याएवढी झाली होती. टाकीच्या अंगावर कमरेपर्यंत पांढराशुभ्र बर्फ चढला होता.

“मावशी, हा बर्फ आहे ना, तिथवर आत गॅस आहे. पातळ. दाबून दाबून त्याचं पाणी केलेलं असतं. चावी उघडली की दाब सुटतो, ते उकळतं आणि त्याचा गॅस होतो. उकळायला ऊब लागते, ती टाकीच्याच अंगातून ओढली जाते. मोठी भट्टी, त्यात ही थंडी. टाकी गारठलीय, म्हणून गॅस नीट होत नाही.”

“गारठलीय?” स्वयंपाकीण मावशींनी पदर खोचला. “मग स्वेटर विणू का तिला? दोनशे माणसं जेवायची आहेत माझी!” आणि त्या तणतणत भाजी चिरायला आत गेल्या.

काट्याने टबात कोमट पाणी ओतलं आणि टाकी त्यात उभी केली. दहा मिनिटांत ज्योत फणा काढून उभी राहिली. नेमके तेव्हाच एजन्सीचे साहेब आले.

“भट्टी तर झकास चाललीय. तक्रार कसली?”

मावशी बाहेर आल्या, बघतच राहिल्या. “मघाशी मेली होती हो! माझी पाठ वळली आणि यांनी टाकी बदलली!”

काट्याने टाकीकडे पाहिलं. बर्फ वितळला होता. त्याचा एकुलता एक साक्षीदार टबाच्या पाण्यात मिसळून गेला होता, आणि तोही त्याच्याच हातून.

“साहेब,” तो म्हणाला, “टाकी टबातून काढतो. भट्टीची चावी पूर्ण उघडा आणि थांबा.”

तिघं टाकीसमोर बसले. आधी टाकीला घाम फुटला. काट्याला तर तो आधीच फुटला होता. अर्ध्या तासाने घामाच्या जागी पुन्हा कमरेपर्यंत पांढरी साय धरली. ज्योत लुळी पडली. डाळ अर्धकच्ची राहिली आणि काट्याला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मग टाकी पुन्हा कोमट पाण्यात गेली आणि ज्योत पुन्हा उभी राहिली. साहेबांनी तक्रारीचा कागद चार घड्या करून खिशात घातला.

त्या दिवशी जेवण तासभर उशिरा झालं. कामगारांनी बोंब मारली ती मावशींच्या नावाने.

दुसऱ्या आठवड्यात काटा नवी टाकी घेऊन गेला, तेव्हा मावशी कँटीनच्या मॅनेजरांना समजावत होत्या, “अहो, गॅस कसला संपतोय! गारठतो तो. त्याला ऊब लागते. आम्हाला इतक्या वर्षांच्या अनुभवाने कळतं हे.”

काट्याने टाकी हळूच टबाशेजारी टेकवली.