शिळफाटा सोडलेली गाडी

“निघाली, निघाली. शिळफाटा सोडला असंल आता.”

भाऊ फोनवर हे सांगत तेव्हा त्यांचा डावा हात खिडकीबाहेर असे. खिडकीसमोर आमच्या आवारात तीच गाडी उभी असे, अर्धीच भरलेली, आणि तिच्या सावलीत ड्रायव्हर डबा खात असे. भाऊ हातानं त्याला ‘ऊठ, ऊठ’ अशी खूण करत आणि तोंडानं गिऱ्हाइकाची गाडी शिळफाट्याच्या पुढे नेऊन सोडत. फोन ठेवला की चपला पायात सरकवून धावत सुटत.

असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. नसेल तर तुमचा माल वेळेवर पोचत नसणार.

आमचा कारखाना खालापूर तालुक्यात, खोपोलीच्या शिळफाट्याहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्याला. आम्ही प्लास्टिकचे निळे ड्रम बनवतो, ते रसायनी वसाहतीतल्या आणि आसपासच्या कारखान्यांना जातात. माल पाठवायच्या टेबलावर आम्ही दोघंच, भाऊ आणि मी. भाऊ कर्जतजवळच्या कोंडाण्याचे, घरची भातशेती, कारखान्यात अठरा वर्षं काढलेली. मी कर्जतची, कॉम्प्युटर येतो म्हणून घेतलेली. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हटलं, “भाऊ, गाडी तर इथेच आहे.”

“हाय ना. पन सांजच्याला पोचंल का नाय?”

“पोचेल.”

“मग मी खोटं काय बोललो गं?”

आणि खरोखरच पोचायची. ड्रायव्हर आला नाही तर भाऊ दुसऱ्याला त्याच्या घरून उचलून आणत. हमाल कमी पडले तर बाह्या सरसावून स्वतः ड्रम चढवत. एकदा गाडी कोंडीत अडकली तेव्हा स्कूटर काढून शिळफाट्यापर्यंत गेले आणि हवालदाराला हात जोडून तिला वाट करून दिली. मला त्यांचं हसू यायचं, पण त्यांच्यासारखं पळणं मला जन्मात जमलं नसतं, हेही कळायचं.

मग एका सोमवारी शेठनी आम्हाला आत बोलावलं. “रोज त्याच त्याच मेल येतात,” ते म्हणाले. “गाडी कुठे आहे, ड्रमचं सर्टिफिकेट पाठवा, झाकणं कुठल्या रंगाची. याला दोन माणसं कशाला लागतात?” ठाण्याची एक कंपनी हे काम घ्यायला तयार होती. त्यांच्याकडे मेल वाचून आपलं आपण उत्तर देणारं मशीन होतं. म्हणजे आमचं टेबल बंद होणार आणि आम्ही दोघं घरी बसणार.

मी मनात नव्या नोकऱ्या शोधू लागले. भाऊ मात्र म्हणाले, “शेठ, तसलं मशीन आमीच केलं तर?”

“तुम्ही?”

“एक महिना द्या.”

शेठनी दिला, बहुतेक गंमत म्हणून.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “भाऊ, ते मशीन म्हणजे काय असतं ते तरी माहीत आहे का?”

“नाय. तू हायस ना.”

हल्ली असलं काही करायला प्रोग्राम लिहावा लागत नाही. पडद्यावर चौकोन मिळतात, ते ओढून आणायचे आणि बाणांनी जोडायचे. एका चौकोनात मेल येते, दुसरा ती कशाबद्दल आहे ते ओळखतो, तिसरा उत्तर लिहून पाठवतो. वाचण्या-लिहिण्याची अक्कल एआयची. दोन दिवस व्हिडिओ पाहूनही हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. भाऊंनी चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “एका खाचरातनं दुसऱ्या खाचरात पानी सोडायचं, आनि काय? बांध कुटं फोडायचा तेवढं ठरवायचं.” आणि एका बोटानं पहिला बाण त्यांनीच जोडला.

त्या दिवसापासून जुन्या डिलिव्हरी चलनांच्या पाठीवर चौकोन काढणं सुरू झालं. भाऊ जेवण पाच मिनिटांत उरकायचे. चुकलं की मी वैतागायची, ते नाही. “आज नाय जमत. उद्या जमंल,” एवढंच म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी माझ्याआधी येऊन बसलेले असायचे. आमची उत्तर द्यायची पद्धत कळावी म्हणून आम्ही मशीनला गेल्या तीन वर्षांच्या मेल नमुन्याला दिल्या. दुसऱ्या आठवड्यात ते सर्टिफिकेटं पाठवू लागलं, झाकणांचे रंग सांगू लागलं. शेठ स्वतः येऊन बघून गेले. मी आईला फोन करून सांगितलं की नोकरी वाचली.

आणि मग रसायनीच्या एका लहान कारखान्याची मेल आली, आमची गाडी कुठे आहे. मशीननं क्षणात उत्तर दिलं की गाडी निघाली आहे, शिळफाटा सोडला आहे, संध्याकाळपर्यंत पोचेल. गाडी आवारात होती आणि तिचं मागचं चाक काढून ठेवलेलं होतं. मशीनचा काही दोष नव्हता. तीन वर्षांत भाऊंनी या प्रश्नाला फोनवर आणि मेलवरही एकच उत्तर दिलं होतं आणि तेच ते शिकलं. पण मशीननं परस्पर उत्तर दिल्यामुळे फोन वाजला नाही. भाऊंना पत्ताच नव्हता, म्हणून ते धावलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कारखान्याच्या मालकांचा फोन आला. ते रागावले नाहीत; रागावले असते तर बरं झालं असतं. “भाऊ, माल उतरवायला आठ माणसं दिवसभर बसवून ठेवली,” ते म्हणाले. “त्यांना दुसरीकडे काम होतं, मी जाऊ दिलं नाही. तुमचा शब्द होता म्हणून.”

भाऊंनी फोन ठेवला. मग मला विचारलं, “पोरी, जवा गाडी सांजला पोचायची, तवा बी ती मानसं सकाळपासनं बसूनच असतील ना गं?”

असणारच होती.

त्या दुपारी त्यांनी ठरवून टाकलं की गाडी फाटकाबाहेर पडल्याशिवाय मशीन ‘निघाली’ म्हणणार नाही. फाटकावरचा वॉचमन गाड्यांची वेळ वहीत लिहायचा. ती त्यानं मोबाइलवर भरायची आणि मशीननं तिथे बघूनच उत्तर द्यायचं, असा बाण आम्ही जोडला. वॉचमन कुरकुरला, “वही लिवतो ती काय कमी हाय?” भाऊ तीन दिवस त्याच्या शेजारी उभे राहिले आणि प्रत्येक गाडीला त्याच्याकडून नोंद करून घेतली. गाडी निघाली नसेल तर तसं स्पष्ट लिहायचं, का ते सांगायचं, आणि खाली एक ओळ भाऊंनी स्वतः घातली: ‘आज माणसं थांबवू नका.’

मला त्यांचा राग आला. महिना संपायला दहा दिवस उरले होते, शेठ खूश होते, आणि हा माणूस हातचं घालवायला निघाला होता. मी म्हटलंसुद्धा, “तुम्हाला शेत आहे, भाऊ. मला ही नोकरी हवी आहे.”

“म्हाईत हाय गं,” ते म्हणाले आणि पुढचा बाण जोडू लागले.

व्हायचं तेच झालं. ‘गाडी अजून आमच्याच आवारात आहे’ अशी मेल बाहेर गेलेली शेठनी पाहिली आणि आम्हाला बोलावणं आलं.

“अठरा वर्षं तुम्हीच निघाली, निघाली म्हणत आलात,” शेठ म्हणाले. “आता एकदम हरिश्चंद्र झालात? गिऱ्हाइकं पळतील. पहिल्यासारखं करून ठेवा.”

“नाय शेठ.”

भाऊंच्या तोंडून शेठना ‘नाय’ मी पहिल्यांदाच ऐकलं. ते टेबलाची कड धरून उभे होते.

“मी खोटं बोलायचो ते माज्या तोंडानं. बोललो का उठायचो. ड्रायव्हरला शोधायचो, हमालांच्या पाया पडायचो, सांजच्याला ते खरं करून द्यायचो. हे मशीन खोटं बोलंल नि गप बसंल. त्याच्यामागं पळनार कोन?”

शेठनी विचारलं, “आणि गिऱ्हाईक गेलं तर?”

“तर मला काढा. हिला नाय.”

शेठनी महिना संपेपर्यंत बघू म्हटलं. एक गिऱ्हाईक खरंच गेलं, चार शब्द सुनावून गेलं. बाकीची राहिली. रसायनीच्या त्या मालकांची गाडी पुन्हा एकदा अडली तेव्हा त्यांनी एका ओळीचं उत्तर पाठवलं, ‘माणसं सोडली, उद्या बारानंतर बोलावतो.’ भाऊंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

महिना संपला. शेठ म्हणाले, ठाण्याला काम द्यायचं नाही, मशीन झकास आहे. “पण आता टेबलावर एकच माणूस पुरे.”

“मग हिला ठेवा,” भाऊ लगेच म्हणाले. “तिला सगळं येतं.”

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मला सगळं येत नव्हतं. अर्धे चौकोन भाऊंचे होते, फाटकाचा बाण तर पूर्ण त्यांचाच. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. एवढं सांगायला एक मिनिट लागलं असतं. मी फरशीकडे बघत उभी राहिले.

संध्याकाळी त्यांनी खण रिकामा केला, डब्याची पिशवी उचलली. चेहऱ्यावर काही नव्हतं, उलट मलाच धीर देत होते. “भात झोडून झालं का ये गं कोंडाण्याला,” दारातून म्हणाले. “नव्या तांदळाची भाकर खायला.”

“येते, भाऊ,” मी म्हटलं.

मशीन अजून चालतं आणि गिऱ्हाइकाशी ते एकदाही खोटं बोललेलं नाही. भाऊंकडे त्यानंतर दोनदा भात झोडून झाला. कर्जतहून कोंडाणं रिक्षानं अर्ध्या तासावर आहे. मी अजून गेलेले नाही.