कपाळावरचा कंपनीचा लाल

आमच्या गावानं माझं कुंकू पुसलं ते पाच जणींनी मिळून, मोठ्या जबाबदारीनं. नवरा गेल्याच्या दहाव्या दिवशी. त्यात सगळ्यात पुढं माझी थोरली जाऊ. रडत होत्या बिचाऱ्या, पण हात काही थांबला नाही. दोन महिन्यांनी मी एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत पॅकिंगला लागले आणि पहिल्याच दिवशी लाल कपाळ घेऊन गावात, खुटबावात, परत आले.

रंगाची कंपनी म्हटलं की लोकांना घराला मारायचा डबा आठवतो. आमच्याकडं डबा नाही, नुसती पूड. तिला पिगमेंट म्हणायचं. काळी पूड जाते ठिबकच्या नळ्यांत, म्हणजे आमच्या उसाला पाणीसुद्धा कंपनीच्या काळ्यातनंच मिळतं. पांढरी सगळ्यांत मिसळते, पुढाऱ्यासारखी. विटकरी जाते पेव्हर ब्लॉकमध्ये. आणि माझ्या लाइनचा लाल जातो प्लास्टिकच्या खुर्च्यांत आणि कापड छापायला: चादरीवरचे गुलाब, गाऊनवरची फुलं, निवडणुकीतले टी-शर्ट.

लॅबमधल्या साहेबांनी एकदा समजावलं होतं. कापडाचा डाय पाण्यात विरघळतो, धाग्यात मुरतो. पिगमेंट विरघळत नाही, ते नुसतं वर बसतं. त्याला धरून ठेवायला बाइंडर लागतो, खळीसारखा, आणि मग भट्टीतून काढलं की पक्कं. मी विचारलं, मग माझ्या कपाळावर बाइंडर कुठला? साहेब म्हणाले, घाम. पिशव्या भरताना मी मनगटानं घाम पुसायची, तिथंच नेमका लाल बसायचा. मास्क देतात, हातमोजे देतात, कपाळाला काही देत नाहीत.

त्या पहिल्या संध्याकाळी बसमधून उतरले तर पारावरचं बोलणंच बंद पडलं. जाऊबाईंनी मला मोरीत बसवून कपड्याच्या साबणानं घासलं. दुसऱ्या दिवशी भांड्याची पावडर. तिसऱ्या दिवशी चिंच, कारण देवाची भांडी चिंचेनं निघतात. कातडं सोललं, लाल तसाच. शेवटी त्यांनीच आळीत जाहीर केलं की कंपनीचा रंग हाय, जात न्हाई, तिचा काय दोष. झालं! गावाला कारण मिळालं की गाव लगेच शहाणं होतं. नऊ वर्षं मी लाल कपाळानं हिंडले, कुणी ब्र काढला नाही.

आता खरं सांगते. तो रंग खोबरेल तेलानं निघतो. बोटभर तेल चोळायचं, फडक्यानं पुसायचं, वर साबण. दुसऱ्याच आठवड्यात पॅकिंगमधल्या जुन्या बाईनं दाखवलं होतं. हात, मान, कोपरं मी रोज तशीच साफ करून यायची. कपाळ तेवढं सोडायची.

मध्यंतरी ग्रामपंचायतीनं ठराव केला, विधवा प्रथा बंद. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. फोटोसाठी मला पहिल्या रांगेत बसवलं, कारण कपाळ आयतं लाल. कुणाला उठून कुंकू लावायचा त्रास नको. सरपंचांनी माझ्याकडं बोट दाखवून गाव कसं बदललंय ते सांगितलं. लई टाळ्या पडल्या. त्या संक्रांतीला मी सुट्टी टाकून घरी बसले होते. हळदीकुंकवाचं एकही बोलावणं आलं नाही. वाईट वाटलं. अजून वाटतं.

यंदा पोरीचं लग्न ठरलं. सोयरे भीमेच्या पल्याडचे, शिरूरकडचे. हळदीच्या आठ दिवस आधी जाऊबाई आल्या आणि दारातच म्हणाल्या, "सुट्टी काढ, तवर उतरंल रंग. आन् हळदीला आतल्या खोलीत थांब. पावण्यांना काय म्हायती कंपनी न् बिंपनी. पोरीला पयली हळद मी लावते."

 मी हो म्हणाले. नऊ वर्षं रंगामागं लपलेल्या बाईचं तोंड एका दिवसात उघडत नाही. सुट्टी मात्र मी काढली नाही, आदल्या दिवसापर्यंत पिशव्या भरल्या.

पोरगी ओट्यापाशी भाकरी थापत होती. जाऊबाई गेल्यावर तिनं हात धुतले, खोबरेलाची बाटली आणली आणि माझ्यापुढं ठेवली. म्हणजे कार्टीला सगळं ठाऊक होतं.

"आई, हळद तूच लावायची," ती म्हणाली. "पण ह्या रंगाच्या आडून न्हाई."

हळदीच्या दिवशी मांडवात डीजे दणकत होता, आमच्याच पुडीच्या लाल खुर्च्या मांडल्या होत्या, आणि मी सांगितल्याप्रमाणं आतल्या खोलीत बसले होते. गुणी बाई! नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्याचा गलका ऐकू आला. मी तेल घेतलं. फडकं लालेलाल झालं. आरशात नऊ वर्षांनी कोरं कपाळ बघितलं आणि भीतीच वाटली. मग पोरीच्या रुखवतातला कुंकवाचा करंडा उघडला, बोट टेकवलं आणि लावलं. थोडं वाकडंच लागलं.

बाहेर आले. पोरगी पाटावर, भोवती पाच सवाष्णी, आणि जाऊबाईंच्या हातात हळदीची वाटी. मला बघून त्या दचकल्या, पण सावरल्या. पाहुण्या बायकांकडं वळून सांगायला लागल्या की कंपनीत कामाला हाय, तिथला रंग हाय, कितीबी घासला तरी निघत न्हाई.

"आक्का, तो मगाशीच निघाला," मी म्हणाले. "हे कुंकू हाय. मी लावलंय."

या वेळी जाऊबाईंचा हात थांबला. मी वाटी त्यांच्या हातातच राहू दिली. तिच्यातली हळद दोन बोटांवर घेतली आणि सगळ्यांत आधी माझ्या पोरीच्या गालाला लावली.